बावीस रेघा

"बावीस," मी म्हणाले.

"काय बावीस?" मामांनी विचारलं.

"रेघा. काटा बावीस रेघा हलतोय."

"डायल बिघडला असंल."

मामा म्हणजे माझे सासरे, दिनकरराव मगदूम, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या शेडचे मालक. काही बिनसलं की त्यांचा संशय ठरलेल्या वाटेनं निघायचा. आधी मोजायचं साधन, मग मोजणारा, मग कामगार, मग हवा. स्वतःच्या दारापर्यंत तो पोचणार एवढ्यात त्यांचा चहा यायचा.

"डायल मी आत्ताच तपासलाय, मामा."

"मग तू नीट बघितलं नसशील."

म्हणजे संशय दुसऱ्या मुक्कामाला पोचला होता.

त्याला आता तेरा वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी आमच्या मोठ्या लेथवर नवा चक बसवला होता. चक म्हणजे लेथचा पंजा. तीन जबड्यांत लोखंडाचा तुकडा घट्ट आवळायचा आणि गरगर फिरायचं, एवढंच त्याचं काम. नवा चक बसवला की त्यात एक सरळ, गुळगुळीत दांडा धरतात, त्याला डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, टेकवतात आणि चक हातानं सावकाश फिरवतात. चक नीट बसला असेल तर डायलचा काटा जागचा हलत नाही. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पाच रेघांपर्यंत आमचं भागत होतं. बावीस म्हणजे चक नाचत होता.

आणि बारा वाजता पंपवाल्यांचा माणूस नमुन्याचे शाफ्ट समोर काढून घ्यायला येणार होता.

मी तिथं डायल वाचायला आले नव्हते. मला पूजेसाठी आणलं होतं. मेकॅनिकलची पदवी आणि लग्नाआधी तपासणी विभागातली दोन वर्षं, हे सगळं माझ्या स्थळाच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं आणि कागदावरच राहिलं होतं. आमची लेक गार्गी सहा महिन्यांची झाल्यापासून मी शेडमध्ये येऊ का म्हणून विचारत होते. मामा "बघू" म्हणायचे. माझा नवरा संग्राम "बघू की" म्हणायचा. संग्रामचं मत नेहमी शेवटी बोललेल्या माणसाचं असायचं, आणि आमच्या घरात शेवटी कोण बोलायचं हे सांगायला नको. पण नवी वस्तू आली की तिला सवाष्णीच्या हातचं हळदकुंकू लागतं. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून ताट माझ्या हातात आलं आणि पोर माझ्या कडेवर. पूजा झाली, चक बसला, पोर झोपलं. केबिनमध्ये सतरंजीवर, चारी बाजूंनी उशा लावून. पोर झोपलेलं असताना हलवायचं नाही या सबबीवर मी शेडमध्ये टिकून होते. दर पाच मिनिटांनी आत जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते बघून येत होते, आणि येताजाता डायलकडे.

"येसबा," मामांनी हाक मारली. संशय तिसऱ्या मुक्कामाला.

येसबाकाका आमचे जुने टर्नर. यशवंत कुंभार. या लेथवर एकोणतीस वर्षं. वय साठीला टेकलेलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलेला. नवा चक सकाळी त्यांनीच बसवला होता.

"काय घाण ठेवलीस रं आत? पुसून बसवलास का न्हाई?"

"बसवलाय की, मालक."

"मी पुसलं का म्हणून विचारतोय."

येसबाकाका खिशातून चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले.

"आबा, त्यांना आता दिसत नाही," संग्राम हळू आवाजात म्हणाला. हळू म्हणजे शेजारच्या शेडला ऐकू जाईल इतपत. "मी तुम्हाला म्हणत होतो ना, डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत..."

"ऐका," मामा म्हणाले. त्यांनी लेथवर थाप मारली. मोठ्या गोष्टी ते लेथवर हात ठेवून बोलायचे. "पंपवाल्याचं काम गेलं तर वर्ष गेलं. ज्याच्या चुकीनं हा चक नाचतोय, त्यानं उद्यापासून या शेडमध्ये पाऊल टाकायचं न्हाई. मग तो कोण का असंना. एकोणतीस वर्षाचा असू दे न्हाईतर एकोणतीस दिवसाचा. मगदुमाचा शब्द हाय."

येसबाकाकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नुसती मान हलवली. जणू त्यांना चहा घेणार का विचारलं होतं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याच वेळी मनात एक हिशेबही झाला. येसबाकाका गेले तर लेथवर जागा होईल, आणि तपासायला कुणीतरी डोळस माणूस लागेल. वाईट वाटणं आणि हिशेब दोन्ही एकाच श्वासात झालं. मग मी गार्गीचा श्वास बघायला गेले.

परत आले तर ठोकाठोक सुरू झाली होती.

चकाचे बोल्ट किंचित ढिले करून, बाजूनं लाकडी मोगरीनं ठोकून चक मध्यावर आणायचा, हा त्यावरचा उपाय. उपाय खरा आहे. पण मगदूम बापलेक ज्या रीतीनं तो करत होते ती बघण्यासारखी होती. मामा डायलकडे बघून "हाण" म्हणायचे. संग्राम हाणायचा. मग मामा "जास्त झालं" म्हणायचे आणि संग्राम पलीकडून जाऊन तेवढंच हाणायचा. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे एकमेकांना आग्रह करकरून वाढतात तसा तो चक इकडून तिकडे जात होता. मध्येच गार्गी जागी झाली, रडली, मी तिला थोपटलं, ती परत झोपली. पाऊण तास झाला तरी इकडे आग्रह चाललाच होता.

"चार!" मामा ओरडले. "आलं का न्हाई? चार रेघा! हात फिरायला लागतो, पुस्तकं वाचून होत न्हाई ते." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

"कुठं बघितलंत, मामा?"

"कुठं म्हंजे? दांड्यावर."

"दांड्यावर कुठं? चकाजवळ का टोकाला?"

मामांनी संग्रामकडे बघितलं. संग्रामनं मोगरीकडे बघितलं.

मी ओढणी कमरेला बांधली. कुणी "हो" म्हटलं नव्हतं, पण "नाही" म्हणायला वेळ लागतो, तेवढ्यात मी डायलचा स्टँड सरकवून दांड्याच्या टोकाला नेला आणि चक हातानं फिरवला. काटा निघाला तो थांबेचना.

"सव्वीस," मी म्हणाले. "सकाळी टोकाला बावीस होता. पाऊण तासात चार रेघा वाढवल्यात."

येसबाकाका खोकले. हसू दाबायचा तो खोकला होता हे मला तेव्हाही कळलं.

मी खडू घेतला आणि चकावरच आकडे लिहिले. जवळ चार, मध्यावर पंधरा, टोकाला सव्वीस. "चक नुसता बाजूला सरकलेला असता तर काटा सगळीकडे सारखा हलला असता. हा जवळ कमी आणि लांब जास्त हलतोय. म्हणजे चक तिरका बसलाय. जन्मभर ठोकलात तरी सरळ होणार नाही. मागच्या बाजूला, बॅकप्लेट आणि चक यांच्या मध्ये काहीतरी अडकलंय. चक काढायला लागेल."

बॅकप्लेट म्हणजे लेथवर पक्की असलेली चकती. चक तिच्यावर टेकवून बोल्टांनी आवळतात. त्या दोन तोंडांच्या मध्ये केस जरी राहिला तरी पुढे दांडा तोंड वाकडं करतो.

"काय अडकणार?" मामांनी विचारलं.

आणि मी, पदवीधर मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा या शेडमध्ये माझं बोलणं तिघांनी शेवटपर्यंत ऐकलंय या आनंदात, म्हणून गेले, "लोखंडाची चिप असेल. बसवणाऱ्यानं तोंड पुसलं नसणार, दुसरं काय?"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. येसबाकाका माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं सायकल शिकणाऱ्या पोराकडे बघतात तसं, आता हे पडणार एवढंच त्या नजरेत होतं.

"बघ," मामा म्हणाले. "पोरगीला बी कळलं. येसबा, काढ चक. आणि मग हात धू."

हात धू म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं.

येसबाकाकांनी लेथच्या बेडवर, चकाखालच्या लांब पाट्यावर, फळी टाकली, म्हणजे चक सुटला तर बेडवर आपटू नये. एकेक बोल्ट सोडवला.  शेवटचा बोल्ट काढायच्या आधी ते थांबले.

"सूनबाई, तुम्ही जावा आत. पोरगी उठली वाटतं."

"नाही उठली."

"जावा म्हंतो मी. चकाला तेल हाय, वंगाळ हुतील कापडं."

"मला बघायचंय, काका."

त्यांनी एक सुस्कारा सोडला, चक दोन्ही हातांनी पोटाशी धरून मागं ओढला आणि मागची बाजू वर करून फळीवर ठेवला.

मागची गोल कडा आरशासारखी चकचकीत होती. आणि तिच्यावर एका जागी हळदकुंकवाचा वाळलेला ठिपका होता, त्यात तांदळाचे दोन दाणे. बोल्टांच्या दाबानं दाण्यांची पांढरी पापडी झाली होती, नखाएवढी, लोखंडाला घट्ट चिकटलेली.



चौघांतल्या कुणी लावलं, हे विचारायची गरजही नव्हती. शेडमध्ये सवाष्ण एकच होती.

सकाळी चक पाटावर उभा ठेवला होता. पुढून मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, सगळ्यांनी हात जोडले. ती झाली पूजा. मग नारळ उंबऱ्यावर फोडायचा का लेथच्या पायाशी, यावर बापलेकांचं जुंपलं. आणि मी चकाच्या मागच्या बाजूला गेले. महिन्यापूर्वी जुन्या चकाचा जबडा सटकला होता. फिरता तुकडा निसटून वरच्या पत्र्याला भोक पाडून गेला होता. येसबाकाकांच्या पाळीनंतर त्या लेथवर संग्राम उभा राहायचा; त्या वेळी तो खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकला होता, म्हणून वाचला. तो महिनाभर मी झोपले नव्हते. माझ्याकडे एक वही होती. त्यात गार्गीचा ताप, गार्गीची शी, गार्गीचं वजन आणि खाली संग्राम किती वाजता घरी आला ते लिहायची. वहीनं भागलं नाही, तेव्हा कुंकू आलं. गार्गीच्या तळपायाला मी काजळाचं बोट लावते तसं, बोट आपोआप गेलं. पुढचा टिळा मशीनचा होता. मागचा माझ्या माणसाचा. कुणी विचारलं असतं तर मी हसून उडवून लावलं असतं. या असल्या गोष्टींवर मी हसणारी होते.

"माझा आहे तो," मी म्हणाले. "सकाळी मी लावला."

 मामांचा संशय आयुष्यात पहिल्यांदा वाट चुकला होता. लोखंडाची चिप निघाली असती तर येसबा गेला असता, सरळ काम. पण हळदकुंकवाला चूक कसं म्हणायचं? ताट त्यांच्याच घरातून आलेलं, पूजा त्यांनीच सांगितलेली.

मी येसबाकाकांकडे वळले. "काका, बसवताना दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की."

"आँ?" मामा म्हणाले.

"एक डोळा पिकलाय मालक, दोन न्हाई."

"मग पुसलं का न्हाईस?"

"कसं पुसू?" येसबाकाका म्हणाले. "सवाष्णीनं धन्यासाठी लावल्यालं कुंकू हाय. ते माझ्या हातानं पुसू? संग्रामदादा या चकापुढं उभा ऱ्हाणार आणि मी ते चिंध्यांचा बोळा घिऊन..." त्यांना ते वाक्य पुरं करवेना. "म्हटलं, बारीक तर हाय, दाबून जाईल. तांदूळ मेला दाबला न्हाई."

"म्हंजे तुला सकाळपासनं ठावं हुतं!" मामांना एकदम पाय टेकायला जागा मिळाली. "ठावं असून गप बसलास! मग चूक कुणाची झाली? तुझीच की!"

"माझीच म्हणा. सांगितलं असतं तर तुम्ही पोरीला शेडात पाऊल ठेवू दिलं नसतं. शब्द दिल्ता तुम्ही, मगदुमाचा."

  अकरा वाजून गेले होते.

"ते राहू दे," मी म्हणाले. "आधी पुसा आणि बसवा. माणूस येईल."

आणि मग जे झालं ते मी आजही कुणाला सांगितलं तर लोक हसतात. रॉकेलचा डबा होता, कापडाचे बोळे होते, तीन धडधाकट पुरुष होते आणि नखाएवढा डाग होता. पण पुढं कुणी येईना.

"येसबा, पूस," मामा म्हणाले.

"माझ्याच्यानं न्हाई हुणार, मालक. शेडातनं काढा पायजे तर."

"संग्राम."

संग्राम पांढरा पडला होता. "आबा, माझंच आहे ते. मी कसं पुसू?"

"मग पाणी शिंपडू. जरा वेळानं आपोआप..."

"पाण्यानं तांदूळ सुटतोय व्हय? चिकटलाय तो."

"घरी फोन लाव रं, तुझ्या आईला विचार. काही तोड असंल. दुर्वा-बिर्वा."

महिन्याला दोन हजार शाफ्ट काढणारी शेड, आणि तिच्यात तीन माणसं दुर्वांची वाट बघत उभी होती. मी तर त्या तिघांहून भित्री. महिनाभर वहीत नवऱ्याच्या येण्याच्या वेळा लिहिणारी. पण माझ्या डोळ्यांसमोर ते आकडे होते, चार, पंधरा, सव्वीस. तिरक्या चकात जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नीट धरला जात नाही. तो सुटतो. आणि त्याच्यासमोर कोण उभा असतो?

मी कापडाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवला.

"अगं, तू नको!" संग्राम ओरडला.

मी पुसलं. एका फटक्यात निघालं नाही. पापडी नखानं खरवडायला लागली. कुंकू निघालं, हळद निघाली, दाणे निघाले. खाली लोखंड पुन्हा आरशासारखं झालं. मग मी बॅकप्लेटही पुसली, कोरड्या कापडानं दोन्ही तोंडं परत पुसली, तळहात फिरवून बघितला. संग्रामनं छातीवर हात ठेवला होता, चालू आहे का ते बघायला. आमच्या घरात हे काम माझं होतं.

"बसवा," मी म्हणाले.

येसबाकाकांनी चक बसवला. बोल्ट एकदम न आवळता, समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे. दांडा धरला. मी डायल टोकाला लावला आणि चक फिरवला. काटा निघाला, दोन रेघा गेला आणि माघारी आला. परत फिरवला. दोनच.

"दोन," मी म्हणाले.

मामांनी स्वतः वाकून बघितलं. मग चकाजवळ बघितलं. मध्यावर बघितलं. डायलवर टिचकी मारून बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि लेथवर हात ठेवला.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "देवाचं हुतं. त्याला चूक म्हणत न्हाईत. वृषाली, तू उद्यापासनं येत जा. शेडात एक सवाष्ण असलेली बरी."

चार वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची नोकरी यांना जे दार उघडलं नव्हतं, ते दोन दाण्यांनी उघडलं होतं. तेही ज्या दाण्यांनी सगळा घोटाळा केला त्यांनीच. मला "हो" म्हणायचं होतं. 

"येते," मी म्हणाले. "पण मामा, सकाळी तुम्ही येसबाकाकांना जे बोललात ते आधी परत घ्या. आणि आत्ताचंही. चूक माझी होती. चक नाचला तो माझ्यामुळं. येसबाकाकांची चूक म्हणालात तर मी घरी जाते, आणि येसबाकाकांची नाही म्हणालात तर मगदुमाच्या शब्दाप्रमाणं मी घरीच जायला पाहिजे. म्हणून तुम्हीच ठरवा. पण एकदा काय ते तोंडानं बोला."

"वृषाली," संग्राम म्हणाला, "आता कशाला..."

"तुम्ही थांबा हो जरा."

मामांनी आयुष्यात शब्द कधी परत घेतला नव्हता. त्यांना तो घेता येत नाही हे गावाला माहीत होतं. ते येसबाकाकांकडे बघेनात, माझ्याकडे बघेनात. त्यांनी चकाकडे बघितलं. बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज थांबला. पंपवाल्यांचा माणूस असावा.

"सकाळी मी जरा जास्त बोललो," मामा म्हणाले. चकाकडे तोंड करून.

येसबाकाकांनी चष्मा नीट केला. "कुणाला म्हणालासा, मालक?"

"मशीनला."

"मशीनला व्हय?" येसबाकाका म्हणाले. त्यांनी जॉब उचलून चकात धरला, आवळला, चकाची किल्ली काढून बाजूला ठेवली आणि बटणावर बोट ठेवलं. "मग बेस झालं. तिला काय, ती एकोणतीस वर्सं ऐकूनच घेती."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.